एका ‘यू’ची पाच सोंगं: पोरीला काय सांगू?

चिठ्ठीवाचक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. स्पेलिंगं नागरीतच फोडून लिहिते, कारण मोबाईलवर दर शब्दाला कळफलक बदलायचा मला कंटाळा येतो.

मी मिरजेत औषधांच्या दुकानात काउंटरला असते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात बारा वर्षं गेली, त्यामुळे इंग्रजी अक्षर कितीही मोडकं असलं तरी मी ओळखते. पण आपण ओळखणं वेगळं आणि पोरीला समजावणं वेगळं, हे या महिन्यात कळलं.

मुलगी तिसरीत आहे, मराठी शाळेत. शाळा सुटली की दुकानात येते, काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसते आणि औषधांची रिकामी खोकी उलगडून त्यांच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर शब्द लिहिते. परवा एका खोक्यावर तिने ओळीने लिहिलं होतं: सी-यू-टी कट, बी-यू-टी बट, एन-यू-टी नट, पी-यू-टी पट. मी म्हटलं, पट नाही गं, पुट. तिने पेन्सिल खाली ठेवली. “बी लावला की बट, एन लावला की नट. मग पी लावल्यावरच काय होतं त्याला? पीचीच काहीतरी खोड असणार.”

मी हसले, समोरचं गिऱ्हाईकही हसलं. पण रात्री पडल्यापडल्या मी यूच मोजत बसले. कपमध्ये अ. पुटमध्ये उ. रूलमध्ये ऊ. बी-यू-एस-वाय, बिझी, त्यात इ. आणि पुरणे या अर्थाचा बी-यू-आर-वाय, त्याला म्हणायचं बेरी! माझी पोरगी त्याला ‘बरी’ म्हणते, आणि मला विचाराल तर तेच बरं आहे.

दुसरी गोष्ट, आमचं आडनाव माने. एम-ए-एन-ई. फोनवर कार्ड घ्या, कर्ज घ्या म्हणणारी मुलं मला हमखास ‘मिसेस मेन’ म्हणतात. पोरीचं म्हणणं, केकमधला शेवटचा ई मुका, मग आपल्या आडनावातला का बोलतो?

याला काही नियम आहे का? घोकूनच घ्यायचं असेल तर तसं सांगा. पण कारण असेल तर मलाही ऐकायचंय.

फुकटचा_सल्ला

ताई, हा प्रश्न हिंदी सिनेमात पन्नास वर्षांपूर्वीच विचारून झालाय. उत्तर तेव्हाही मिळालं नव्हतं. जी-एच-ओ-टी-आय म्हणजे फिश, माहीत आहे ना? इनफमधला जी-एच, विमेनमधला ओ, नेशनमधला टी-आय. बर्नार्ड शॉ उगाच नाही म्हणून गेला. ज्या भाषेत घोटीचा मासा होतो तिथे नियम कसले शोधता? घोका आणि पुढे चला.

कराड_ते_लीड्स

चिठ्ठीवाचक, तुमच्या लेकीला शाबासकी द्या. बट आणि पुट सारखेच ऐकू यायला हवेत असं तिला वाटतं ना? आमच्याकडे येतात.

मी इंग्लंडात लीड्सला नर्स आहे, नऊ वर्षं झाली. इकडे उत्तरेत बट नाही, बुट. बस नाही, बुस. चहाचा कुप. पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या एका आजोबांनी टोस्टबरोबर ‘बुटर’ मागितलं, आणि मी त्यांचे बूट शोधायला खाटेखाली वाकले. बसचा ड्रायव्हर उतरताना ‘थँक्यू लुव’ म्हणतो. सन म्हणजे मुलगा, तोही इथे ‘सुन’. शेजारच्या काकू माझ्या मुलाला “युअर सुन” म्हणतात तेव्हा मला आमच्या आईची सून, म्हणजे माझी वहिनीच, दारात उभी दिसते.

आडनावाचं तर बोलूच नका. मी मोरे, इथे मिसेस मोअर. काळ्यांची केल होते, ती एक पालेभाजी आहे. दात्यांची डेट होते. सान्यांचे सेन होतात, म्हणजे ‘डोकं ठिकाणावर असलेले’, त्यांना तेवढं तरी बरं. आणि पुणे! पी-यू-एन-ई. घरमालकिणीने माझा पासपोर्ट वाचून विचारलं, “यू आर फ्रॉम प्यून?” आता प्यून म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर ऑफिसबाहेर स्टुलावर बसलेला माणूस येतो, मला दोन मिनिटं हसू आवरेना.

पण फुकटचा_सल्ला, नियम नाहीत हे मला पटत नाही. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याच्या शाळेत फोनिक्सची तपासणी झाली. इंग्लंडमध्ये 2012 पासून ती होते. बाईंसमोर बसून 40 शब्द वाचायचे. त्यातले 20 खोटे, अर्थच नसलेले. खोट्या शब्दाशेजारी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे हा शब्द कुणालाच माहीत नाही, निव्वळ अक्षरांवरून वाचायचा, हे पोरांना कळतं. भाषेला नियमच नसते तर कधी न पाहिलेल्या शब्दाचं बरोबर-चूक बाईंनी ठरवलं कशावरून?

खिळेजुळारी

आधी घोटीचं बघतो. घोटी इगतपुरीजवळ आहे, तिथेच राहू द्या. जी-एचचा फ शब्दाच्या सुरुवातीला कधीच होत नाही. टी-आयचा श व्हायला पुढे ‘ऑन’सारखं शेपूट लागतं. आणि ओचा इ होतो तो विमेन या एकट्या शब्दात. तेव्हा जी-एच-ओ-टी-आय कुठलाही इंग्रज ‘गोटी’च वाचेल, आणि तेच सिद्ध करायचंय. शिवाय हा विनोद 1855 च्या एका पत्रात सापडतो. शॉचा जन्म 1856 चा. मुद्रितशोधकाला असलं दिसलं की कानामागची पेन्सिल आपोआप हातात येते, माफ करा.

आता ताई, तुमचं. मी वाईचा. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायला लागलो आणि पुढे 31 वर्षं मुद्रितं तपासली. माझं इंग्रजी पाचवीपासूनचं, म्हणजे उशिराचं. त्यामुळे जे शिकलो ते ‘हे असं का’ विचारत शिकलो, आणि त्यापायी छड्याही खाल्ल्या.

तुमच्या लेकीने पीवर केलेला आरोप शाबीत आहे. बट, कट, नट, पुट हे सगळे एके काळी सबंध इंग्लंडात उकारानेच म्हणत. बुट, कुट, नुट. सतराव्या शतकात दक्षिणेत, लंडनच्या बाजूला, हा ऱ्हस्व उ ढिला पडला. तुम्ही आरशासमोर उ म्हणा आणि म्हणता म्हणता ओठांचा चंबू सोडा, काय होतं बघा. तसा तो अकडे सरकला. पण ज्या शब्दांत उच्या आधी ओठांचंच अक्षर होतं, त्यातल्या काहींत ओठांनी उला धरून ठेवलं. पुट, पुल, पुश, फुल, बुल, बुश. आपल्या वर्णमालेत प-फ-ब-भ-म एका ओळीत बसवलेत ते काही दिसायला बरे म्हणून नाही, ते ओष्ठ्य आहेत. पोरीला पवर्ग म्हणायला लावा आणि दर अक्षराला ओठ मिटतात का बघा म्हणावं. उत्तरेत हा उ ढिला पडलाच नाही. लीड्सच्या ताई ऐकतात तो उच्चार गावंढळ नाही, जुना आहे.

(बट, बस, फन यांत ओठांचं अक्षर असूनही उ सुटला, हे मला माहीत आहे. पकड सगळीकडे सारखी नव्हती. पुढे दोन एल किंवा एस-एच असलं की ती जास्त घट्ट दिसते.)

दोन ओंचंही असंच. बी-एल-डबल ओ-डी ब्लड, जी-डबल ओ-डी गुड, एफ-डबल ओ-डी फूड. तिघांत स्वर एकच होता, लांब ओ, आणि त्याचा लांब ऊ झाला. मग ब्लडमधला ऊ लवकर आखूड झाला. लवकर स्टँडवर पोचल्यामुळे त्याला उवरून अवर जाणारी गाडी मिळाली. गुड उशिरा आखूड झाला, तोवर गाडी सुटली होती, तो उवरच राहिला. फूड आखूड झालाच नाही, घरीच बसला. तीन उच्चार दिसतात, पण गोष्ट एकच आहे, फरक फक्त पोचण्याच्या वेळेचा.

आता तुमचं आडनाव. ही खरी मेजवानी आहे.

1400 च्या आसपासचा लंडनकर तुमच्या दुकानात आला असता आणि पाटीवर एम-ए-एन-ई वाचलं असतं, तर तो ‘मेन’ म्हणाला नसता. तो ‘मानं’ म्हणाला असता. म्हणजे घाटावरच्या बोलीत तुमच्या शेजारणी म्हणतील तसंच. कारण ए या अक्षराचा लांब उच्चार तेव्हा आ होता, आणि शेवटचा ई मुका नव्हता, हलकासा बोलत होता. एन-ए-एम-ई हा शब्द तेव्हा ‘नामं’ होता. संस्कृतातलं नाम आणि हा, दोघं एकाच आजीची नातवंडं.

मग दोन गोष्टी झाल्या. शेवटचा ई बोलायचा थांबला. आणि सगळे लांब स्वर जिना चढायला लागले. आचा ए झाला, एचा ई झाला, ओचा ऊ झाला. ई आणि ऊ आधीच गच्चीवर होते, त्यांना वर जायला जागा उरली नाही, ते फुटले: ईचा आय झाला, ऊचा आउ. टी-आय-एम-ई आधी ‘टीमं’ होता तो टाइम झाला, ‘हूस’चा हाउस झाला. हे साधारण 1400 ते 1700 या काळात झालं. ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असं नाव दिलं. आखूड स्वर मात्र फारसे हलले नाहीत. म्हणून तर दर अक्षराला दोन आवाज: एक आखूड, जुन्या जागेवरचा, एक लांब, जिना चढलेला. आणि अक्षराचं नाव म्हणजेच त्याचा लांब आवाज. जर्मन आणि स्पॅनिश मुलं आजही हीच पाच अक्षरं आ, ए, ई, ओ, ऊ अशी म्हणतात. ए, ई, आय, ओ, यू ही इंग्रजांची जिना चढल्यानंतरची नावं.

या सगळ्याच्या ऐन मध्यावर, 1476 साली, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. पुढचं मी खिळे जुळवणाऱ्याच्या अनुभवावरून सांगतो. लोक काय बोलतात हे जुळाऱ्याला ऐकू येत नाही. त्याच्यासमोर आधीची छापील प्रत असते, तो तिच्याबरहुकूम खिळे उचलतो. उच्चार जिना चढत होते आणि स्पेलिंगं तळमजल्यावर पक्की होत होती.

आपण हसायचं कारण नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या जुन्या पुस्तकांत नांव, पांच, कांहीं असं छापलेलं असे. ‘नांव’वरचा अनुस्वार काय होता? नाममधला म विरघळत गेला, त्याचा उरलेला डाग. नाकातला उच्चार केव्हाच गेला होता, टिंब उभं होतं. 1962 साली शासनाने शुद्धलेखनाचे 14 नियम मान्य केले, 1972 मध्ये आणखी 4, आणि ही टिंबं गेली. नवी आवृत्ती निघायची तेव्हा पानापानावरची टिंबं खोडताना माझं मनगट दुखायचं. इंग्रजांनी असं कधी एका फटक्यात झाडून काढलं नाही. एन-ए-एम-ईमधला ई हे त्यांच्या ‘नांव’वरचं टिंब आहे.

फक्त त्यांनी त्या मुक्या ईला कामाला लावलं. तो स्वतः बोलत नाही, पण आधीच्या स्वराला सांगतो की तू लांब हो. मॅड आणि मेड, बिट आणि बाइट, हॉप आणि होप, कट आणि क्यूट. म्हणून पोरीला एवढंच शिकवा: स्वराचं अक्षर दिसलं की लगेच तोंड उघडायचं नाही, पुढची दोन अक्षरं बघायची. एक व्यंजन आणि मग स्वर दिसला तर बहुधा लांब आवाज, अक्षराचं नाव. दोन व्यंजनं दिसली तर आखूड. डी-आय-एन-ई-आर डायनर. मधे दुसरा एन घाला, डिनर.

हा नियम गोऱ्या साहेबांच्या हाडात किती मुरला होता ते बघा. आपलं नगर, आताचं अहिल्यानगर, एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत एन-यू-डबल जी-यू-आर असं सापडतं, ‘अहमदनुग्गुर’. वाचून आपल्याला हसू येतं. पण साहेबाचं बरोबर होतं. अ ऐकला, कपमधला यू लिहिला. अ आखूड आहे हे सांगायला जी दोनदा लिहिला. पंजाबच्या स्पेलिंगात आजही तोच यू बसलाय. पुण्याला त्यांनी डबल ओ लावून पूना केलं होतं, म्हणून त्यांच्यात कोणी प्यून म्हणत नसे. आता आपण पुणे, माने, काळे ही नावं लिहितो ती जर्मन-स्पॅनिश पद्धतीच्या स्वरांनी, ए म्हणजे आ आणि ई म्हणजे ए. त्यामुळे तुमच्या लेकीला एकाच लिपीत दोन कारभार सांभाळावे लागतात. नाव लिहिताना एक, धडा वाचताना दुसरा. ती गोंधळली नसती तरच मला काळजी वाटली असती.

फुकटचा_सल्ला

मासा परत पाण्यात सोडला. मग हॅव, गिव्ह, लव्ह? शेवटी ई आहे, स्वर आखूडच.

खिळेजुळारी

चांगलं पकडलंत. इंग्रजीत अस्सल शब्दाचा शेवट उघड्या व्हीवर करत नाहीत, ही जुनी रीत. म्हणून व्हीच्या मागे ई लावावाच लागतो. तिथे तो स्वराला लांब करायला आलेला नाही, नुसता व्हीच्या सोबतीला आलाय. कम, सम, डन यांना मात्र पाठच करायचं.

वाडीचा_मास्तर

काकांचा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवलाय. पण चिठ्ठीवाचकताई, यातलं निम्मं तुमच्यासाठी आहे, पोरीसाठी नाही. मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. आमच्याकडे 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं. आठ वर्षांच्या पोराला जिना चढलेले स्वर सांगितले तर ते जिनाच बघत बसतं.

माझ्या मते आधी कान, मग डोळा. आपली पोरं शिप आणि शीप एकसारखं म्हणतात, कारण मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाने आपलं फारसं अडत नाही. ‘कवी’ कागदावर पहिली का दुसरी, हे आपण नियमाने ठरवतो, कानाने नाही. मग ज्या पोराला दोन आवाज वेगळे ऐकूच येत नाहीत, त्याला डबल ई आणि आयमधला फरक काय सांगणार? मी आधी आठवडाभर नुसते खेळ घेतो. शीप म्हटलं की हात लांब करायचे, शिप म्हटलं की टाळी.

त्यातल्या त्यात एक गोष्ट आपल्याला फुकट मिळालीय. बॅट आणि डॉक्टर लिहायला आपल्याकडे ॲ आणि ऑ आहेत. 2009 च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेत रीतसर बसले, बाराखडीची चौदाखडी झाली. हिंदीवाल्यांना ‘बैट’ लिहून मग समजावत बसावं लागतं. पोरीला स्पेलिंगाखाली नागरीत उच्चार लिहू द्या. काही लोक म्हणतात त्याने इंग्रजी बिघडतं. मला तरी तसं काही दिसलेलं नाही.

आणि एक विनंती. ‘दोन स्वर जोडीने आले की पहिला बोलतो, दुसरा गप्प’ हा नियम कुणी सांगितला तर पोरीला तो शिकवू नका. मीट, बोट, रेनला चालतो आणि मग हेड, ब्रेड, ग्रेट, चीफ, बॉइल, आउट अशी रांग लागते. मी तो चार वर्षं शिकवला आणि मग पोरांनीच माझ्याकडून काढून घेतला. त्यापेक्षा डब्ल्यूचं सांगा, ते जास्त वेळा उपयोगी पडतं. डब्ल्यूच्या पुढे ए आला की तो बहुतेकदा ॲ न होता ऑ होतो. वॉश, वॉच, वॉन्ट, वॉज, स्वान. आणि ओ-आर आला की ऑर न होता अर. वर्ड, वर्क, वर्ल्ड, वर्म.

कराड_ते_लीड्स

मास्तर, डब्ल्यू म्हणजेही ओठांचा चंबूच की! पीचा चुलतभाऊ.

वाडीचा_मास्तर

खरंच की. दहा वर्षं शिकवतोय, हे आत्ता लक्षात आलं.

चिठ्ठीवाचक

सगळ्यांचे आभार. दोन दिवस दुकानात हेच चाललंय, मालकांनी अजून काही म्हटलेलं नाही.

मास्तर, तुमचा हात लांब करायचा खेळ तिला आवडला, पण काउंटरच्या आत जागा कमी, पहिल्याच शीपला खोकल्याच्या औषधाची बाटली पडता पडता वाचली. आता ती नुसती भुवई वर करते.

काकांचं ‘दोन अक्षरं पुढे बघ’ मी तिला जाड कागदाची पट्टी देऊन शिकवलं. पट्टीला खिडकी कापली, तीन अक्षरं दिसतील एवढी. स्वर डाव्या टोकाला ठेवायचा, उजवीकडे काय दिसतं ते बघायचं, मग बोलायचं. काल तिने खोक्यावरचं टॅब्लेट्स स्वतः वाचलं: “ए, मग बी आणि एल, दोन व्यंजनं, म्हणून ॲ.” मग तिची नजर पलीकडच्या टी-ए-बी-एल-ई, टेबलवर गेली आणि पट्टी माझ्याकडे परत आली. तिथेही बी आणि एलच आहेत. मी तिला म्हटलं काकांना विचारते.

आणखी एक. कारभार दोन असतात म्हणालात ना, ते आमच्या उधारीच्या यादीतच निघालं. संगणकात एकाच बाईंची दोन खाती आहेत. एकात पूजा डबल ओने, दुसऱ्यात यूने. मी बारावं वर्ष काढतेय आणि मला वाटायचं की ते माझ्या आधीच्या माणसाचं टायपिंग चुकलंय. तशीच गीता डबल ईने आणि गीता आयने, पण त्या खरोखरच दोन निघाल्या.

बेरीचं राहिलं, काका. ‘बरी’ का नाही?

खिळेजुळारी

टेबलचं आधी. एल-ई हे शेपूट स्वतःच एक अक्षरभर बोलतं: टे-बल. तिथे बी-एल हे दुकटं व्यंजन धरायचं नाही, बी एकटा धरायचा. टेबल, केबल, बायबल. आखूड हवा असेल तर बी दोनदा लिहितात: पेबल, बबल. टॅब्लेट्समध्ये मात्र टॅब आणि लेट असे दोन तुकडे पडतात. लेकीने विचारलं हे फार छान झालं, मी स्वतः होऊन सांगितलं नसतं.

बेरीचं असं. जुन्या इंग्रजीत त्या जागी एक वेगळाच स्वर होता. ओठांचा चंबू करून इ म्हणा, तसा. तो पुढे तीन मुलखांत तीन वाटांनी गेला. पश्चिमेकडे चंबू टिकला आणि तिकडे तो यूने लिहीत. पूर्वेकडे त्याचा साधा इ झाला. आग्नेयेला, केंटच्या बाजूला, ए झाला. लंडन म्हणजे आपल्या मुंबईसारखं, सगळीकडचे लोक येऊन राहिलेले. बी-यू-एस-वाय या शब्दाला स्पेलिंग पश्चिमेचं मिळालं आणि उच्चार पूर्वेचा. बी-यू-आर-वायला स्पेलिंग पश्चिमेचंच, उच्चार केंटचा. म्हणजे शर्ट एकाचा, पँट दुसऱ्याची. याला नियम नाही, हे दोन शब्द घोका. फुकटच्या सल्ल्याचाही मान राहिला.

चिठ्ठीवाचक

आज शेवटचं विचारते, नंतर धागा लांबवत नाही.

काल रात्री तिने नवीन खोकं घेतलं, वर ‘पवर्ग’ असं मराठीत लिहिलं आणि खाली पुट, पुल, पुश, बुल, बुश, फुल. मग पुस्तकातलं कुत्र्याच्या पिल्लाचं चित्र आणून माझ्यासमोर धरलं. पी-यू-पी. पप. म्हणाली, “याच्या तर दोन्हीकडे पी उभे आहेत आई. तरी उ पळाला कसा?”

खिळेजुळारी

आरोपीला संशयाचा फायदा देऊन सोडण्यात येत आहे. वकीलबाईंना माझा नमस्कार सांगा.